भाकड महिन्यातली हाजिरी

बोरीत ज्याच्या-त्याच्या भिंतीला कॅलेंडर असतं. त्यात पुसाचा महिना उघडून बघावा, तर संक्रांत सोडली की बाकी सगळा कोरा. लग्न नाही, साखरपुडा नाही, वास्तुशांत नाही. म्हणून लोक त्याला भाकड महिना म्हणतात. आटलेली म्हैस वैरण खाते पण धार देत नाही, तसा. बरोबर ह्याच महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी नीलम्माच्या घरी सण असतो. तो कुठल्या पंचांगात नाही, कुठल्या देवाचा नाही, गावात दुसऱ्या कुणाच्या घरी नाही. नीलम्मानं तो स्वतः काढलेला आहे, आणि हे सांगताना तिची मान अशी ताठ होते की ऐकणाऱ्याला वाटावं, येलदरीचं धरण हिनं एकटीनं बांधलंय.

सुरुवात अगदी साधी झाली. बावीस वर्षांपूर्वी तिचा मुलगा शिवप्रकाश सात वर्षांचा होता. पुसातल्या थंडीत चुलीपुढं बसून त्यानं विचारलं, "आई, ह्या महिन्यात सण कामून न्हाई?" दुसरी कुणी असती तर "गप जेव" म्हणाली असती. नीलम्मा म्हणाली, "न्हाई तर न्हाई. आपण करू की. सणाला काय सरकारी मंजुरी लागती का?"

आणि केला. त्याचे नियमही तिनंच घातले. त्या दिवशी घरात विकतचं काही यायचं नाही. जे खायचं ते आपल्या रानातलं, आपल्या हातचं. ज्वारी आपली, तुरीचे सोले आपले, हरभऱ्याची भाजी, वांगी, कांद्याची पात, ताक, लोणी सगळं घरचं. तेल घरच्या करडईचं. मिठाचं काय, असं चंद्रप्पानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पहिल्याच वर्षी खोचकपणे विचारलं होतं. "मीठ समुद्राचं," ती म्हणाली, "आणि समुद्राला बोरीत यायला वेळ न्हाई. आदल्या दिवशी आणलेलं चालतं." दुसरा नियम, प्रत्येकानं आपापली भाकरी स्वतः थापायची, बाप्यांनीसुद्धा. चंद्रप्पाची भाकरी दरवर्षी निजामाच्या राज्याच्या नकाशासारखी व्हायची आणि तो ती मुकाट खायचा. तिसरा, पाहुणा कुणी नाही. घरची माणसं आणि घर. पुढं मोबाइल आले तसा चौथा नियम आला: ते सकाळीच बंद करून ज्वारीच्या कोठीत.

गावानं आधी दात काढले. "नीलम्माचा येडा सण" म्हणाले. दहा-बारा वर्षं झाल्यावर हसायचे थांबले. जिंतूर रोडला नागेश म्हणून एकानं हुरडा पार्टीचा धंदा काढला होता, तो एकदा मोटरसायकलवर आला. शहरातल्या लोकांना असं घरगुती काहीतरी लय आवडतं, तुमचा सण आमच्याकडं करा, माणशी ताट लावू, असं म्हणाला. नीलम्मानं त्याला लोटाभर ताक पाजलं. तो पिऊन झाल्यावर म्हणाली, "भाऊ, आई विकत मिळती का तुमच्याकडं? न्हाई ना? मंग हे बी न्हाई." तो गेल्यावर चंद्रप्पा दिवसभर हे वाक्य आठवून हसत होता.

पण ह्या सणाचा जीव होता हाजिरीत.

नीलम्मा अठ्ठावीस वर्षं बोरीत अंगणवाडी सेविका. सकाळी लेकरं गोळा करायची, नावं घ्यायची, वजनं करायची, खिचडी वाढायची. तिचं मोजमाप कधी चुकायचं नाही. सुपरवायझर आली की बाकीच्या सेविकांना हिची रजिस्टरं दाखवायची: बघा, एक खाडाखोड नाही, एका जागी "चुकून" असा शेरा नाही. तीच शिस्त तिनं घरी आणली. दोनशे पानी वही, चार रकाने: क्रमांक, नाव, खूण, शेरा. सणाच्या दिवशी पंगत बसली की ती वही उघडून नावं घ्यायची, आणि ज्याचं नाव येईल त्यानं "हाय" म्हणायचं. सगळ्यांचं "हाय" झाल्याशिवाय घास उचलायचा नाही. सासू-सासरे वारले तेव्हा त्यांच्या नावांवर एक सरळ रेघ आली आणि शेऱ्यात "लिंगैक्य" आणि तारीख. कारण लिहिल्याशिवाय नाव कापायचं नाही, हा तिचा कायदा होता.

ह्या हाजिरीत वर्षातून एकदा ती नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची. एरवी "शिवप्रकाशचे अप्पा". त्या दिवशी मात्र खणखणीत "चंद्रप्पा", आणि तो पोरासारखा लाजून "हाय" म्हणायचा. पहिल्या वर्षी त्याची थोरली बहीण सरजाबाई, जी विधवा होऊन ह्याच घरात राहायला आलेली, तिनं तोंडाला पदर लावला होता. आता सरजाबाईला कमी ऐकू येतं. तिचं नाव तीनदा घ्यावं लागतं.

वहीत जिवंत नावं पाच, रेघ आलेली सोडून नव्या पानावर क्रमांक पुन्हा एकपासून घातलेले. सरजाबाई, चंद्रप्पा, नीलम्मा, शिवप्रकाश, आणि चार वर्षांपूर्वी चढलेलं सून त्रिवेणीचं.

नीलम्माला सहावं नाव हवं होतं. हे ती कुणाला बोलून दाखवायची नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्रिवेणीचं दोनदा पोटातच गेलं, तिसऱ्या महिन्यात आणि मग पाचव्यात. शिवप्रकाश सेलूला जिनिंगमध्ये फिटर, दोघं तिकडंच राहायची आणि शनिवारी संध्याकाळी बोरीला यायची. दुसऱ्या वेळेनंतर त्रिवेणी दोन महिने कुणाशी धड बोलली नव्हती. नीलम्मानं तिला एक शब्द लावला नाही. कुणी अंगारा आणला तर दारातून परत पाठवला, सुनेला सेलूच्या डॉक्टरांकडं स्वतः घेऊन गेली, लोहाच्या गोळ्या मोजून दिल्या. बाईची अक्कल लख्ख होती. तावीज बांधलेल्या लेकरांना लसी टोचून घ्यायला लावण्यात तिची उमर गेलेली.

त्या पुसात त्रिवेणीला सातवा महिना होता.

सणाच्या आदल्या दिवशी ती न्हाणीपाशी नीलम्माजवळ आली. "आई, एक मागणं हाय."

"बोल की."

"उद्या हाजिरीत बाळाचं नाव घेऊ नका. जन्मायच्या आधी नाव घेत न्हाईत. चारठाण्याला आमच्याकडं लय पाळतात."

नीलम्माला हसू आलं. पण पोरीचे डोळे बघून तिनं ते गिळलं. "न्हाई घेत," ती म्हणाली. "आणि मी कशाला घेईन? अंगणवाडीत बी लेकरू जन्मल्यावरच चढवतो आमी."

हे ती मनापासून बोलली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरची सुलाबाई सेलूला जायला निघाली नसती, आणि जाता जाता कुंपणापाशी थांबली नसती, तर गोष्ट तिथंच संपली असती.

"आज तुमचा सण का?" सुलाबाई म्हणाली. "औंदा बी पाचाचीच हाजिरी म्हणा की."

वाईट मनानं म्हणाली असंही नाही. पण नीलम्माला ते वर्मी लागलं. ती घरात आली, हात पुसले, कपाटावरची वही काढली. तिला मुलगा-मुलगी काही नको होतं, लेकरू हवं होतं, आणि नावही तिनं मनात कधीचं ठरवलेलं: पोरगा झाला तरी तेच, पोरगी झाली तरी तेच. निळ्या शाईच्या पेननं तिनं सुबक अक्षरात लिहिलं: ६. किरण.

लिहिलं म्हणजे काही घेतलं नव्हे, असं तिनं स्वतःला सांगितलं. शाई वाळेपर्यंत ती त्या नावाकडं बघत उभी राहिली. किती शोभतंय, असं तिला वाटलं.

दिवस मोठा छान उगवला होता. हरभऱ्यावर आंब पडलेली, चंद्रप्पा भाजी खुडून आला तेव्हा त्याची बोटं आंबट झाली होती. शिवप्रकाशनं वांगी भाजली. सरजाबाई सोले सोलत होती. सगळ्यांनी एकेक करून भाकरी थापली. त्रिवेणीला तव्यापुढं बसू द्यायला नीलम्मा तयार नव्हती, पण पोरगी ऐकेना. भाजलेल्या भाकरी दुरडीत पडत गेल्या आणि नीलम्मानं वरून फडकं टाकलं. फडकं टाकताना तिनं मोजल्या. तिला मोजायची सवयच होती. पाच.

बाराच्या सुमाराला पडवीत घोंगडी अंथरली. ऊन पार भिंतीपर्यंत आलं होतं. नीलम्मानं दुरडीवरचं फडकं काढलं आणि ताटात भाकरी ठेवत गेली. ही नकाशावाली चंद्रप्पाची, ही जाड सरजाबाईची, ही शिवप्रकाशची, ही त्रिवेणीची, ही आपली. दुरडीच्या तळाशी आणखी एक होती.

तळहाताएवढी. कडा सारख्या, पापुद्रा नीट सुटलेला. हात लावला तर बाकीच्यांपेक्षा गरम.

"ही कुणाची कलाकारी?" तिनं विचारलं.

शिवप्रकाशनं त्रिवेणीकडं बघितलं, त्रिवेणीनं त्याच्याकडं. चंद्रप्पा म्हणाला, "आमच्याकडून एकच धड होईना, दुसरी कुठून थापावी?" सगळे हसले. कुणीतरी गंमत केलीय आणि कबूल होत नाही, असं नीलम्मानं धरलं. भाकरी तिनं दुरडीतच राहू दिली.

पंगत बसली. पहिली सरजाबाई, मग चंद्रप्पा, मग शिवप्रकाश, मग त्रिवेणी. नीलम्मा समोर वही घेऊन. शिवप्रकाश आणि त्रिवेणीच्या मध्ये हातभर जागा सुटली होती.

"सरकून बसा की रे. भांडलाय का?" ती म्हणाली.

शिवप्रकाश सरकला. नीलम्मानं वहीचं पान शोधलं, चष्मा लावला, मान वर केली. मधे हातभर जागा होती.

"सरक म्हणलं ना."

"सरकलो की आई."

घोंगडीला चुण्या पडल्या असतील, माणूस घसरतं. तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. सरजाबाईचं तीनदा घ्यावं लागलं. चंद्रप्पाचं घेताना तो लाजला. आपलं स्वतःचं नाव तिनं स्वतःच घेतलं आणि स्वतःच "हाय" म्हटलं, ह्याला सगळे दरवर्षी हसायचे, तसे हसले. शिवप्रकाश. हाय. त्रिवेणी. हाय.

इथं थांबायचं होतं. नीलम्माचं बोट पाचव्या ओळीवर होतं. खाली सहावी ओळ निळी, सुबक, नवी. समोर सून बसलेली, तिच्या पोटाचा गोल पदराखाली दिसत होता, अंगावर ऊन पडलेलं. बावीस वर्षांत ही पंगत कधी एवढी भरलेली वाटली नव्हती. तिचा ऊर भरून आला, आणि ते नाव तिच्या तोंडून गेलं.

"किरण."

त्रिवेणीच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. तिनं "आई" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात उत्तर आलं.

"हाय, बाई."

चार-पाच वर्षांच्या लेकराचा आवाज. स्वच्छ, जरा घाईतला, आपलं नाव कधी येतंय ह्याची वाट बघत बसलेल्या लेकराचा असतो तसा.

सगळ्यात आधी सरजाबाई बोलली. तिला शेजारी ताट आदळलं तरी ऐकू येत नाही. "कुणाचं लेकरू गं हे?" ती म्हणाली. "गोड बोलतंय."

नीलम्मा उठली. दारात गेली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सुलाबाईच्या घराला कुलूप. एक कुत्रं उन्हात झोपलेलं, त्यानं कानही हलवला नाही. ती आत येऊन कोठीत हात घालून मोबाइल बघून आली. सगळे बंद. मागच्या अंगणात जाऊन आली. अठ्ठावीस वर्षं जिनं लेकरांचा माग काढला, तिनं पाच मिनिटांत सगळं घर बघितलं आणि पुन्हा येऊन बसली.

"शेजारचं असंल कुणाचं," चंद्रप्पा म्हणाला. त्याला स्वतःला ते पटलेलं नव्हतं.

त्रिवेणीचे दोन्ही हात पोटावर होते. "आई, ते माझ्याकडून न्हाई आलं."

"काय म्हणतीस?"

"बाळ हललं बी न्हाई. आवाज इथून आला." तिनं शेजारच्या जागेवर हात ठेवला नाही. नुसतं बोट केलं.

नीलम्मा तिला धीर द्यायला काहीतरी बोलली. काय ते तिला नंतर आठवेना. तिला एकच गोष्ट खटकत होती. ह्या घरात तिला आई म्हणतात, नीलम्मा म्हणतात. बाई कुणीच म्हणत नाही. बाई म्हणतात ती अंगणवाडीतली लेकरं.

जेवणं झाली. ती छोटी भाकरी सरजाबाईनं ताकात कुस्करून खाल्ली. चांगली झालीय म्हणाली.

त्रिवेणी पोटावरचे हात न काढता आत जाऊन निजली. पण नीलम्माचं खरं सांगायचं तर, तिला भीती वाटली तशी आणखी एक गोष्ट वाटली, आणि तिची तिला नंतर लाज वाटायची. वही मिटण्याआधी तिनं सहाव्या नावापुढं खूण केली. नाव घेतलं, ओ आली, तर खूण करायची. हाजिरी पूर्ण भरली होती. मनातून तिला बरं वाटलं.

चैत्रात त्रिवेणी चारठाण्याला बाळंत झाली. मुलगी. अडलं नाही, नडलं नाही. नीलम्मानं आपल्या हातानं वजन केलं: दोन किलो नऊशे. लेकीसारखी लेक, डोक्यावर गच्च जावळ. नीलम्मानं गावभर पेढे वाटले, सुलाबाईला तर दोन जास्तीचे दिले आणि म्हणाली, "सहाची झाली बरं का आता."

बारशाला त्रिवेणीनं नाव ठेवलं भक्ती. कुणाला विचारलं नाही. नीलम्मानं किरणचा विषयही काढला नाही. चूक आपली होती हे तिला कळत होतं. वहीत तिनं सातवी ओळ लिहिली: ७. भक्ती.

सुना सासरी परतल्या की आधी चूल बघतात. त्रिवेणीनं आधी वही बघितली.

"आई, सहावं कापून टाका."

"कापते."

"आत्ता कापा."

नीलम्मानं पेन घेतलं. रेघ ओढायच्या आधी शेरा लिहायचा, हा कायदा. काय लिहायचं? "लिंगैक्य" लिहायला तिचा हात धजेना. घरात तान्हं लेकरू, आणि हे नाव लिहिलं तेव्हा ते त्याच्यासाठीच लिहिलेलं. "सासरी गेली" नाही. "गाव सोडलं" कसं लिहिणार, कोण कुठं गेलं हे कुणाला ठाऊक? राहिला एकच शब्द, खरा तोच होता: चुकून. चार अक्षरंसुद्धा नव्हेत ती. पण अठ्ठावीस वर्षांत, अंगणवाडीच्या किंवा घरच्या, एकाही वहीत तिनं तो शब्द लिहिला नव्हता. पेनचं टोक कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

"बघते मी," ती म्हणाली, आणि वही कपाटावर ठेवली.

भक्ती वाढत होती. वजन वेळेवर, दात वेळेवर, बसली वेळेवर. नीलम्मा आलेल्या-गेलेल्याला तिचं वजनाचं कार्ड दाखवायची, सगळे ठिपके हिरव्या पट्ट्यात. फक्त एक होतं. पोरीला हाक मारली की ती वळायची नाही. ताट पडलं की वळायची, शेळी ओरडली की वळायची, बाप दारात आला की त्याच्या पायताणाच्या आवाजाला वळायची. "भक्ती" म्हटलं की मात्र तिच्या चेहऱ्यावर काही यायचं नाही. परभणीला नेऊन कान तपासले. कान उत्तम. डॉक्टर म्हणाले, होईल हळूहळू.

सरजाबाई एकदा म्हणाली, "दुसऱ्याच कुणाला हाक मारायलोत असं बघती ही पोरगी."

पुन्हा पूस आला. तिसऱ्या रविवारच्या सकाळी त्रिवेणी पोरीला कडेवर घेऊन नीलम्मापुढं उभी राहिली. "आई, आज सहाच नावं."

"सहाच."

"शपथ घ्या."

नीलम्मानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. ह्यावेळी ती मोडणार नव्हती.

सण नेहमीसारखा झाला. भाजी खुडली, वांगी भाजली. भाकरी पाच, आणि नीलम्मानं त्या दोनदा मोजल्या. दुरडी उघडली तेव्हाही पाचच होत्या. तिच्या जिवात जीव आला. नऊ महिन्यांची नात आईच्या मांडीवर, सगळं घर पडवीत, उन्हात. असा दिवस ह्या घरानं बघितला नव्हता, आणि तो तिनं आणला होता, पंचांगानं नव्हे. तिनं चष्मा लावला.

सरजाबाई. ह्यावेळी एकदाच घ्यावं लागलं.

चंद्रप्पा. हाय. नीलम्मा. हाय. शिवप्रकाश. हाय. त्रिवेणी. हाय.

नीलम्मानं सहाव्या ओळीवर अंगठा ठेवला. अक्षरं झाकली गेली.

"भक्ती," ती म्हणाली.

लेकराच्या वतीनं त्रिवेणी "हाय" म्हणणार, असं ठरलेलं होतं. तिनं ओठ उघडले.

आवाज तिच्या शेजारून आला. शिवप्रकाश आणि तिच्या मध्ये हातभर जागा होती, तिथून. तो शब्द नव्हता. नऊ महिन्यांचं लेकरू आपल्या माणसाला बघून करतं, तसा एक लहानसा हुंकार होता.



त्रिवेणीच्या मांडीवरची पोरगी ताठ बसली होती. ती नीलम्माच्या हातातल्या वहीकडं बघत होती. आजवर तिनं "बा" म्हटलं नव्हतं की "मा" म्हटलं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "माझं राहिलं."

शिवप्रकाशचा हात ताटावर आदळला. चंद्रप्पा भिंतीला टेकला.

नीलम्मानं पेन उचललं. आता तिला लिहायचं होतं. तो एक शब्द लिहायचा होता, दहा वेळा लिहायला ती तयार होती. शेऱ्याच्या रकान्यावर टोक आलं आणि थांबलं. सहाव्या नावापुढं लिहायचं की सातव्या, ते तिला कळेना.

मधल्या जागेतलं लेकरू रडू लागलं. भुकेचं रडणं. आधी बारीक, मग श्वास ओढून.

त्रिवेणीच्या पोलक्यावर ओल पसरत गेली. तिनं खाली बघितलंसुद्धा नाही. मांडीवरच्या पोरीला तिनं दोन्ही हातांनी उचललं, बाजूला घोंगडीवर ठेवलं, आणि त्या मोकळ्या जागेकडं वळून ती पदर सारू लागली.